दोरीच्या टोकाला भुरी

समजा, तुमचा अंगठा एका लाल बटणावर घट्ट दाबलेला आहे. समोरच्या मोठ्या पडद्यावर एक उंच कडा. कड्यावर शिडी घेऊन डोंगर चढणारी शिडीवाली पालथी पडली आहे आणि तिच्या हातातल्या दोरीच्या टोकाला भुरी लटकते आहे. भुरी म्हणजे शिडीवालीचं कोकरू. रोज संध्याकाळी टीव्हीवरच्या मालिकेत तुम्ही तिला बघता, तीच. मालिकेत भुरीला कधी साधं खरचटतही नाही. या व्हिडिओ गेममध्ये मात्र अंगठा उचललात की दोरी सुटेल, भुरी खालच्या धुक्यात पडेल आणि पुढे जायचा दरवाजा उघडेल. दुसरा रस्ता नाही. काय कराल?

उत्तराची घाई नको. त्या दिवशी सकाळी चार मुलांनी घाईच केली होती.

खेळ अजून दुकानात आला नव्हता. मुलांना एकेक करून खोलीत बसवायचे आणि खेळायला द्यायचे. खोलीच्या भिंतीत एक मोठा आरसा होता. मुलांना त्यात स्वतःचं तोंड दिसे, आणि आरशामागे बसलेल्या, खेळ बनवणाऱ्या माणसांना मुलं दिसत. चौघांनीही कड्यापाशी येताच पटकन अंगठा उचलला. एकाने तर जांभई देत विचारलं, "पुढे अजून किती लेव्हल आहेत?"

"ही मुलं आहेत की दगड?" टीमचा प्रमुख आरशामागे वैतागला. "एकाच्याही डोळ्यात टिपूस नाही. मॅडम, प्रसंग तुम्ही रचलाय. पाचवं मूलही असंच उठून गेलं तर प्रसंग काढून टाकू. मग तुमचं काय करायचं तेही बघावं लागेल."

पाचवी येणार होती ती त्या मॅडमचीच मुलगी. नऊ वर्षांची.

जेवणाच्या सुट्टीत आई जेवली नाही. ती साउंडवाल्याच्या शेजारी जाऊन बसली आणि तिने मोबाइलमधला एक आवाज त्याला ऐकवला. "भुरीचं बेंबें काढून टाक," ती म्हणाली. "कड्यावर हा आवाज लाव. दोरी सुटेपर्यंत परत परत."

साउंडवाल्याने कानावरचे हेडफोन खाली घेतले. "बाप रे. कुणाचा आहे हा?"

"आमच्या कुत्र्याचा. ठेंगूचा."

ठेंगू गेल्या वर्षी आजारी पडला होता. रात्री कसा कण्हतो ते ऐकायचंय, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून आईने तो आवाज मोबाइलवर घेतला होता. डॉक्टरांनी तो ऐकला आणि दुसऱ्या दिवशी ठेंगूला शेवटचं इंजेक्शन द्यायचं ठरलं. मुलीला आदल्या दिवशीच मावशीकडे धाडलं. परत आल्यावर तिने एकच विचारलं, "रडला का गं तो?" आई म्हणाली होती, "छे गं. झोपेतच गेला. चूं नाही की चां नाही."

"लेक ओळखेल की हो," साउंडवाला म्हणाला.

"ओळखू दे," आई म्हणाली.

मुलगी शाळेतून थेट आली. युनिफॉर्मवर शाईचा डाग, एक वेणी सुटलेली. खेळ सुरू झाला तशी ती रंगात आली. भुरीला दटावत होती, "ए येडे, तिकडे नको जाऊ, पडशील!" शिडी लावून ती चार टेकड्या भराभर चढली. मग कडा आला. भुरीचा पाय घसरला. मुलीने लाल बटण दाबलं, दोरी ताणली गेली, आणि तो आवाज सुरू झाला.

मुलगी हसता हसता थांबली. तिची पाठ ताठ झाली. ती खुर्चीच्या काठावर सरकली, मान तिरकी करून ऐकू लागली, आणि तिचे डोळे काठोकाठ भरले.

"आलं! पाणी आलं!" प्रमुखाने मांडीवर थाप मारली. मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या. "मॅडम, मानलं तुम्हाला. प्रसंग राहिला म्हणून समजा. तुम्हीही राहिलात!"

आईने मघापासून रोखलेला श्वास सोडला.

पण मुलीने अंगठा उचलला नाही. एक मिनिट गेलं. पाच मिनिटं गेली. आवाज सहा सेकंदांचा होता. संपला की पुन्हा सुरू व्हायचा. मुलीचं नख पांढरं पडलं, तरी अंगठा होता तिथेच. टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. कुणीतरी उठून पाणी प्यायला गेलं.

प्रमुखाने घड्याळ पाहिलं. "सांगा की तिला सोडायला. पुढचाही भाग बघायचाय."

आई दार उघडून आत गेली. आरशामागे ऐकला होता त्यापेक्षा इथे आवाज मोठा होता. ती मुलीजवळ गुडघ्यांवर बसली. "सोड आता, राणी. नुसता खेळ आहे गं हा."

मुलीने पडद्यावरची नजर काढली नाही. "झोपेत गेला म्हणाली होतीस."

आईने तिच्या मनगटावर हात ठेवला. "हात दुखेल तुझा," ती म्हणाली. "सोड ना, बाळा."

"मला नाही येत सोडायला," मुलगी म्हणाली. "तुला येतं."

आणि तिने आईचा हात ओढून घेतला. आपल्या अंगठ्याशेजारी आईचा अंगठा बटणावर टेकवला, नीट दाबला, दोरी सुटत नाहीये ना ते पाहिलं, आणि मग हळूच आपला अंगठा काढून घेतला. भुरी तशीच लटकत होती, तशीच कण्हत होती. मुलीने डोळे पुसले. खुर्ची वळवून पडद्याकडे पाठ केली आणि ती आईचं तोंड बघत बसली.