सर्जेरावाचे ताजे पाय

बसा राव, आजचीच गोष्ट सांगतो. पाच दिवसांच्या सायकल शर्यतीचा चौथा दिवस संपला, तसं वस्तादांनी बावन्न वर्षांच्या सर्जेरावाच्या पोटऱ्या दाबून बघितल्या.

"पाय एकदम ताजे. कोण दमतंय रं तुझ्या वाटणीचं?"

"धाकटा भाऊ. जोडपट्टीतली एक माझ्या दंडाला, दुसरी त्याच्या. मी सायकल हाणतोय, शीण घरबसल्या त्याच्या अंगात उतरतोय."

"दांडगा हाय गडी. उद्या घाटात तूच पहिला."

सर्जेरावानं खुशीत घरी फोन लावला. भावजय हळूच बोलली, "आज ह्यांना घास मीच भरवला, भावजी. हात उचलंना झालाय. तुम्हाला सांगू नको म्हणालेत."

लाजेनं सर्जेरावाला वस्तादांकडं बघवेना. त्यानं आपल्या दंडावरची जोडपट्टी सोडून ठेवली.

उद्या तो घाटात सगळ्यांच्या मागं धापा टाकत आला, तर हसू नका. तांब्याभर पाणी तेवढं द्या.