दोनच चाव्या

सदा मिस्त्रीने इंजिनातली तेलाची पट्टी बाहेर ओढली, तेल दोन बोटांत चोळलं आणि बोटं उन्हात धरली. काळ्या तेलात बारीक रुपेरी चुरा चमकत होता.

"पंधरा दिसांपूर्वी तेल बदललंस ना?"

"तेरा," अंबाजी म्हणाला.

"मंग कुनीतरी हिला बैलावानी जुंपलीय. बेअरिंगचा चुरा हाय हा. इंजिन खोलावं लागंल."

अंबाजी वाकून पिकअपखाली शिरला. मागच्या हुकावरचा गंज घासून गेला होता. हुकात निळ्या दोराचे धागे अडकले होते. होडीचा दोर.

होडी ओढायला अंबाजीने जन्मात कधी हो म्हटलं नव्हतं. मागून हजार किलोच्या वर ओढू नये, असं गाडीच्या पुस्तकात छापलेलं होतं, आणि मालक सिराजभाईंनीही पहिल्याच दिवशी तसं बजावलं होतं. त्यांची ही मासळीची गाडी सांभाळताना त्याने ते पुस्तक पोथीसारखं पाळलं होतं. चौदा वर्षांत चालत्या गाडीला तेलाचा तांबडा दिवा त्याने एकदाही लागू दिला नव्हता. "होडी रिकामी हाय रे," म्हणून लोक गळ घालायचे. आठ महिने पाणी प्यालेलं लाकूड रिकामं असलं तरी तीन टनांच्या खाली भरत नाही, हे तो प्रत्येकाला ऐकवायचा. गेल्या आठवड्यात तर सख्ख्या मेव्हण्याला, दत्तात्रेयला, त्याने हात हलवत परत पाठवलं. दत्तात्रेयची होडी खाडीच्या तोंडाशी रुतली होती. अमावास्येचं उधाण तोंडावर होतं आणि दोर ओढायला त्यांच्या पाड्यात माणसं उरली नव्हती. तरी नाही म्हणजे नाही.

गावात चेष्टा व्हायची, अंबाजीची एक बायको घरात आणि दुसरी बर्फाच्या कारखान्यामागे उभी. घरातली येसूबाईही हसायची. बोर्लीच्या बाजाराला ती टोपली घेऊन त्याच्या शेजारी बसायची, आणि तो सारी वाट गिअर, क्लच आणि चढ-उतारांबद्दलच बोलत राहायचा. ती हूं हूं करायची.

काल तो डोळे तपासायला अलिबागला गेला होता. गाडीच्या चाव्या दोनच. एक त्याच्या घरी खुंटीला, दुसरी सिराजभाईंकडे. आणि आज सकाळी बसताना त्याचे गुडघे स्टिअरिंगला आपटले होते, कारण सीट पुढे ओढलेली होती. अंबाजी ताडमाड, सिराजभाई बुटके. आणखी काय सांगायला हवं?

सिराजभाई आपल्या घराच्या ओट्यावर बसले होते. अंबाजीला कावीळ झाली तेव्हा आठ दिवस त्याच्या उशाशी बसलेला हा माणूस. अंबाजी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"मला ओढू नको म्हनून बजावलंत, आनि माज्या पाठीमागं सोताच होडी ओढलीत?"

"अल्लाची कसम, अंबाजी, मी गाडीला हात नाय लावला."

"कसम कशाला खाता? ती सीट बोलतेय. चौदा वर्सं तुमचा शब्द जपला मी. उद्यापासून दुसरा डायवर बघा."

त्याने चावी ओट्यावर टाकली. सिराजभाईंनी ती उचलली नाही. "चौदा साल," ते चावीकडे बघत म्हणाले, आणि उठून आत गेले.

घरी येईपर्यंत अंबाजीचे डोळे दोनदा भरून आले. परक्याने फसवलं असतं तर त्याने शिव्या दिल्या असत्या आणि मोकळा झाला असता. इथे तेही सुचत नव्हतं.

येसूबाई अंगणात सुकट पसरत होती. त्याने सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

"भाईंना उगाच बोललात," ती म्हणाली. "सीट म्या पुढं घेतली. माजे पाय पोचत नवते."

अंबाजीला क्षणभर अर्थच लागला नाही.

"तुला कुटं चालवता येतंय?"

"धा वर्सं शेजारी बसून झोपा काढत व्हते काय? दादाची होडी उधानात फुटली असती. तुमाला इचारलं असतं तर तुमी न्हाय म्हनाला असता. मंग न्हाय इचारलं."

तो मटकन उंबऱ्यावर बसला. दगा त्याच्या खुंटीवरून निघाला होता, आणि तो दुसऱ्याच्या ओट्यावर टाकून आला होता. आता कुठल्या तोंडाने परत जायचं?

येसूबाई जवळ येऊन उभी राहिली.

"तुमी सांगता तसंच केलं सगळं," ती हळू म्हणाली. "पयला गिअर, क्लच दमानं सोडला, झटका दिला न्हाय. फकस्त चढाला समोर एक तांबडा दिवा लागला. त्यो कशाचा असतो, ते तुमी कदी सांगितलंच न्हाय."