हवा कुणी अडवली?

"दादा, तुम्ही म्हणाल तसंच करतो," संदेश फोनकडे बघून म्हणाला, आणि कोपऱ्यात पेटीच्या भात्याला चामडं चिकटवत बसलेल्या नामदेवरावांचा ब्रश थांबला. तुम्ही म्हणाल तसंच! तीस वर्षांच्या या पोरानं बापाला हे वाक्य एकदा तरी ऐकवलं होतं का?

दादा म्हणजे पुण्याचा चिन्मय. खेळातल्या बंदुका दुरुस्त करण्यात म्हणे एकदम पटाईत. तसलीच एक लांबलचक रायफल जेवणाच्या टेबलावर पडली होती. गोळ्या प्लास्टिकच्या, वाटाण्याएवढ्या, पण तोरा तोफेचा! उद्या शामीरपेटकडच्या मैदानात मॅच होती, आणि लांबून नेम धरायची जागा टीममध्ये एकालाच मिळणार होती. संदेशला ती हवी होती. नामदेवरावांना इतकंच हवं होतं, की पोरानं एकदा मान वळवून म्हणावं, "अण्णा, बघा ना जरा."

संदेशनं जुन्या चादरी कोंबलेल्या खोक्यात चार गोळ्या झाडल्या. वेग मोजायच्या यंत्रावर आकडे उमटले. एकशे एकवीस, एकशे नऊ, एकशे सव्वीस, एकशे बारा.

"एक गोळी दुसरीसारखी जात नाही, दादा. लांबवर नेम लागणार कसा?"

"स्प्रिंग बदल. मी पाठवलेली आली का?"

"कुरियरवाल्याकडे पडलीय, अफझलगंजला. आत्ता आणतो."

आता नामदेवरावांना राहवेना. गोळी सुटताना आतून येणारा बारीक 'फुस्स' त्यांनी चारही वेळा ऐकला होता. सुलतान बाजारात चाळीस वर्षं पेट्या दुरुस्त केलेला माणूस. हवा निसटली की कानाला कळायचंच.

"अरे, आतून हवा गळतीय. स्प्रिंग बदलून काय होणार?"

"लाइट घ्या, अण्णा, एवढं मनावर नका घेऊ. ही काय तुमची पेटी आहे?" संदेश हसला, चपला घातल्या आणि गेलासुद्धा.

नामदेवरावांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "गळू दे! उद्या त्या दादाची चांगली फजिती होऊ दे."

"हौ, आणि मैदानात उभं कोण राहणार? तुमचा पोरगाच ना?" त्यांच्या पत्नी शोभाताई मेथी निवडत म्हणाल्या. "बसा तुम्ही जळत."

पाच मिनिटं ते खरंच जळत बसले. मग चिन्मयला दोन शिव्या हासडून उठले. रायफलीतली नळी बाहेर काढली, तिच्या तोंडावर अंगठा दाबला आणि मागून दट्ट्या आत रेटला. फुस्स! दट्ट्या सरळ तळाला गेला. त्यांनी तो बाहेर ओढला. त्याच्यावरचं रबरी कडं सैल होतं. कडं काढून त्याखाली नळाला लावायच्या पांढऱ्या टेपचे दोन वेढे दिले, कडं परत चढवलं आणि पुन्हा अंगठा दाबला. आता दट्ट्या अर्ध्यावरच अडला. भाता नीट जमला की असाच अडतो. मग नळी होती तशी रायफलीत परत बसवली.

"तू बोलायचं नाहीस हां," त्यांनी शोभाताईंना दटावलं. "त्यानं विचारलं तरच मी सांगीन."

संदेश तासाभरानं आला तो घाईतच. नवी स्प्रिंग बसवली. कड्याखालची टेप त्याला काही दिसली नाही. त्यानं गोळ्या झाडल्या. एकशे अठ्ठावीस, एकशे अठ्ठावीस, एकशे सत्तावीस, एकशे अठ्ठावीस.

"दादा!" त्यानं आनंदानं ओरडतच फोन लावला आणि आकडे दाखवले. "काय स्प्रिंग पाठवलीत तुम्ही! तिकडे बसून बरोबर ओळखलंत. कमाल आहे तुमची!"

शोभाताई खाकरल्या. नामदेवरावांनी डोळे वटारले. म्हणे कमाल! त्यांचे कान तापले होते.

चिन्मयनं मात्र आकडे पुन्हा वाचले. "परत झाड," तो म्हणाला. संदेशनं झाडली. पुन्हा एकशे अठ्ठावीस.

"हे स्प्रिंगचं काम नाही रे. स्प्रिंगनं वेग वाढतो, असा एकसारखा होत नाही. आतली हवा कुणीतरी अडवलीय. मुरलेला हात आहे. कोण आहे तो? दे बघू त्याला फोन."

संदेशनं घरभर नजर फिरवली. टेबल, खोकं, मेथीची जुडी, कोपऱ्यातली पेटी, सगळं बघून झालं.

"इथं कोण असणार, दादा? आई न् अण्णाच आहेत फक्त."

ब्रशवरची खळ केव्हाच वाळून गेली होती. नामदेवराव कोरडा ब्रश भात्यावर फिरवत राहिले. सगळ्या दुनियेत त्यांचा हात ओळखला एकानं, आणि तोही मेल्या चिन्मयनंच!