अंतराचा रकाना

"यंत्र लावायचं तर लाव," वैजनाथ म्हणाला, "पण माय तुझ्यासमोर येणार न्हाई. आधीच सांगून ठेवतो."

सुदर्शनने मान हलवली. नांदेडहून अहमदपूरपर्यंत तो एसटीने आला होता आणि तिथून थोरल्या भावाच्या मोटरसायकलवर गावात. सगळा रस्ता मांडीवर रडारचा डबा धरून बसला होता. डबाच मोठा, आतली चिप नखाएवढी. इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्याने आणि त्याच्या बायकोने, धम्मप्रियाने, चार वर्षं खपून ती चालती केली होती. तिच्यातून मिलिमीटरच्या मापाच्या लहरी निघत. माणसाला हात न लावता, कापडाच्या आरपार जाऊन त्या छातीची हालचाल टिपत. श्वास तर टिपतच, काळजाचा ठोकाही टिपत.

दोघांचे वडील, आबा म्हणजे व्यंकटराव, खाटेवर पलीकडे तोंड करून कुशीवर निजलेले होते. अर्धांगवायूचा झटका येऊन महिना झाला होता. डोळे उघडे असायचे, नजर कुठेच नसायची.

"डॉक्टर म्हणलेत, त्यांना काई उमजंना झालंय," वैजनाथ हळूच म्हणाला.

"तेच बघायचंय, दादा."

खरं म्हणजे त्याला तेवढंच बघायचं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी त्याने बौद्ध घरातल्या धम्मप्रियाशी लग्न केलं, तेव्हा आईने, गुणाबाईने, भर गल्लीत सांगून टाकलं होतं, "मला एकच पोरगं हाय, वैजनाथ." त्या दिवसापासून ती सुदर्शनशी बोलली नव्हती. तो दारात दिसला की स्वयंपाकघरात जायची आणि मधला पडदा ओढून घ्यायची. गुणाबाईच्या रागाला उतारा नाही, असं गावात लोक म्हणत, आणि गाव अशा बाबतीत सहसा चुकत नाही. आबांनी मात्र त्या दिवशी होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही. पुढेही कधी म्हटलं नाही. त्यांनी आपल्याला पदरात घेतलं की टाकलं, हे विचारायचं सुदर्शन पुढे ढकलत राहिला. आता आबांची वाचाच गेली होती.

त्याने स्टुलावर रडार ठेवलं, मधल्या पडद्यापुढच्या खाटेकडे वळवलं आणि लॅपटॉप उघडला. ठोक्यांची रेघ धावू लागली. मिनिटाला बहात्तर.

तो बोलत गेला. कॉलेजचं सांगितलं, नांदेडच्या उकाड्याचं सांगितलं, चुकलो असेन तर माफ करा म्हणाला. रेघ आपली चाल सोडेना. मग तो म्हणाला, "आबा, साक्षी चौथीत गेली. तुमची नात."

ठोके अठ्ठ्याऐंशीवर गेले.

सुदर्शन रेघेवर नजर लावून बसला. आकडा हळूहळू खाली आला. त्याने पुन्हा सांगून पाहिलं, "साक्षीला पोळी आवडत नाही. ज्वारीची भाकरीच मागते." आकडा पुन्हा चढला.

"हे खरं हाय का रे?" वैजनाथने लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

चाळिशी उलटलेला, वर्गात पोरांना दम भरणारा सुदर्शन भावाच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून रडला.

पुढच्या रविवारी तो आला तो लेकीच्या बातम्यांची शिदोरी घेऊनच. तिचा निकाल, तिची भांडणं, तिला मध्यंतरी आलेला ताप. तापाचं ऐकून ठोके शंभरावर गेले, तेव्हा त्याने घाईघाईने सांगितलं की आता ती बरी आहे. तिसऱ्या रविवारी त्याने मोबाईलवर साक्षीचा आवाजच ऐकवला. "आबा, मी साक्षी. मला तुमच्याकडं यायचंय." त्यानंतर रेघ कितीतरी वेळ जाग्यावर आली नाही.

तो डबा आवरत होता, तेव्हा पडद्याआडून गुणाबाईने थोरल्याला विचारलं, "फुडल्या ऐतवारी बी येनार हाय का त्यो?"

"हाव," वैजनाथ म्हणाला.

आत भांडं आपटलं. सुदर्शनने समजायचं ते समजून घेतलं आणि चपला घातल्या.

पुढचा रविवार उजाडलाच नाही. गुरुवारी व्यंकटराव गेले. अंत्यविधीला सुदर्शन खंबीर उभा राहिला. आबांनी आपल्याला पदरात घेतलं होतं, नातीला ओळखलं होतं. एवढं गाठीशी असल्यावर दहाव्यालाही आईने मान वर करून पाहिलं नाही, याचं त्याला फारसं वाटलं नाही. परत येताना त्याने मनाशी ठरवलं, आता त्या घराची पायरी चढायचं कारण उरलं नाही.

महिन्याभराने शोधनिबंधासाठी त्या तीन रविवारच्या नोंदी धम्मप्रियाने काढल्या. प्रयोगशाळेत रडारसमोर नेहमी एकच माणूस बसवत. समोर जी छाती सगळ्यांत स्पष्ट हलेल, तिचे ठोके यंत्र दाखवी आणि तिचं अंतर शेवटच्या रकान्यात लिही. माणूस एकच, खुर्चीही ठरलेली, त्यामुळे तो रकाना कोणी कधी वाचतच नसे. निबंधात तो द्यावा लागणार होता, म्हणून तिने वाचला.

"खाट रडारपासून किती लांब होती?" तिने विचारलं.

"सव्वा मीटर. टेपने मोजलं होतं मी."

तिने पुन्हा गणित मांडलं आणि फक्त सव्वा मीटरवरची रेघ काढली. मिनिटाला चौसष्ट. माफी मागितली तेव्हा चौसष्ट, तापाचं सांगितलं तेव्हा चौसष्ट, साक्षीच्या आवाजालाही चौसष्ट.

सुदर्शन खुर्चीत मागे टेकला. आबांना काहीच ऐकू गेलं नव्हतं.

"मग ती दुसरी रेघ?" त्याने विचारलं. "ती कुठून आली?"

"तीन मीटरवरून. तुम्ही बोलायला लागल्यापासून उठेपर्यंत कोणीतरी तुमच्याकडं तोंड करून, जराही न हलता बसलेलं आहे. तिन्ही रविवारी." धम्मप्रियाने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. "तिथं कोण होतं?"

सुदर्शनला खाटेमागचा ओढलेला पडदा आठवला.

"माय," तो म्हणाला.