रान्वाइगचा लॅपटॉप

"जुनं सगळं राहायला हवं हं," हालवार पुन्हा म्हणाला. "एक फोटोसुद्धा जाता कामा नये."

"राहील रे बाबा," इर्मेली म्हणाली आणि तिने लॅपटॉपच्या कडेला पेनड्राइव्ह खोचला.

राहून कसं चालेल? सगळंच्या सगळं पुसलं जायला हवं होतं. त्यासाठीच तर ती त्याच्या स्वयंपाकघरात येऊन बसली होती.

हालवारची बायको रान्वाइग हिवाळ्याच्या तोंडाशी खाडीत बुडाली. होडी रिकामी सापडली, ती काही सापडली नाही. गावाने चर्चमध्ये मेणबत्त्या लावल्या, हालवारच्या दारात केक आणि माशाचं कालवण पोचवलं. किती जपायचा हो बायकोला, लोक हळहळले. दुकानातसुद्धा एकटीला पाठवायचा नाही.

इर्मेली गावच्या ग्रंथालयात कामाला. कोणाचाही कॉम्प्युटर बिघडला की बोलावणं तिलाच. काल हालवार तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. "रान्वाइगचा लॅपटॉप कपाटामागे सापडला. पासवर्ड माहीत नाही. उघडून दे."

इर्मेलीने हातातलं पुस्तक मिटलं. त्यात तिनेच पाठवलेले निरोप असणार. धक्क्यावर ये, एकटीच ये, कोणापाशी बोलू नकोस, होडीचं मी बघते. असले निरोप हालवारच्या नजरेला पडले की संपलंच सगळं.

"ठेवून जा, सवडीने बघते," ती म्हणाली होती.

"छे, तुला कशाला त्रास! घरीच ये. माझ्या डोळ्यांदेखत होऊ दे."

आता तो तिच्या खुर्चीला खुर्ची लावून बसला होता. लॅपटॉप सुरू होताना इर्मेलीने वरच्या रांगेतलं बटण दाबून धरलं आणि यादीतून पेनड्राइव्ह निवडला.

"पासवर्ड काही मोडता येत नाही," तिने थाप मारली. "नवी सिस्टीम टाकायची. जुनं शेजारी तसंच राहतं, मग त्यात शिरता येतं."

पडद्यावर अक्षरं उमटली.

"हे काय? फिनिश?"

"माझा पेनड्राइव्ह, माझी भाषा. शेवटी तुमच्या नॉर्वेजियनमध्ये करून देते."

"तुम्ही फिनलंडवाले म्हणजे! मासा खाणार आमचा आणि गुणगान गाणार तिकडचं." तो हसला. इर्मेलीही हसली, न हसून सांगते कोणाला.

मग तो प्रश्न आला. जुनं ठेवून शेजारी नवं टाकायचं, की डिस्क पुसून टाकायची?

"काय विचारतंय ते?"

"जुनं ठेवायचं का म्हणून विचारतंय."

"मग सांग ना त्याला. ठेव म्हणावं."

"तेच सांगतेय." तिने दुसऱ्या ओळीवर बोट टेकवलं. खाली तांबडी सूचना आली, एकदा गेलं की परत नाही. तिने त्यालाही होकार दिला.

निळी पट्टी मुंगीच्या पावलाने पुढे सरकू लागली. हालवारने कॉफी ओतली, पावावर तपकिरी चीज ठेवून तिच्यापुढे सरकवलं. तिने नुसती कॉफी घेतली.

"ती माझ्यापासून काही लपवायची नाही," तो म्हणाला. "जमायचंच नाही तिला. तुला भेटायची का गं कधी?"

"ग्रंथालयात यायची. पुस्तकं न्यायला."

"हो, तेवढं जाऊ द्यायचो मी." त्याने कॉफी ढवळली. "शेवटचं तिला कोण भेटलं, एवढं कळायला हवं होतं."

"आता कळून काय उपयोग, हालवार?"

"काही नाही. त्याचे आभार मानले असते."

पट्टी भरली. इर्मेलीने पेनड्राइव्ह काढून घेतला. लॅपटॉप बंद होऊन पुन्हा सुरू झाला. पडदा कोरा करकरीत.

"फोटो कुठायत?"

इर्मेलीने कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! काय झालं हे? जुनी डिस्क... हालवार, सगळं गेलं रे! माफ कर मला."

आता हा टेबल उलथवणार, असं वाटून तिने अंग चोरलं. पण तो नुसता पडद्याकडे बघत राहिला.

"परत नाही आणता येणार?"

"नाही."

"मग जाऊ दे. तुझा काय दोष, यंत्रच ते." त्याने तिच्या खांद्यावर थोपटलं. निघताना गोठवलेला कॉड मासा कागदात गुंडाळून तिच्या हातात दिला.

"एवढा मोठा? मी एकटी बाई!"

"असू दे गं. पुरवून पुरवून खा."

घरी पोचेपर्यंत इर्मेली गाडीत हसत होती आणि रडत होती. दार लावून तिने आतून कडी घातली, मासा तसाच टेबलावर टाकला आणि धडाधडा जिना चढली. माडीवरच्या खोलीचे पडदे ओढलेले होते. दिव्यापाशी रान्वाइग मोजा विणत बसली होती.

"सुटलीस गं बाई, सुटलीस!" इर्मेलीने तिला मिठीच मारली. "उगाच घाबरशील म्हणून आधी बोलले नाही. तुझा लॅपटॉप सापडला होता मेल्याला. आपले निरोप, पळून जायचा बेत, सगळं त्यात. पण त्याच्या नाकावर टिच्चून पुसून आले! तो अजून तुझ्या नावाने मेणबत्त्याच लावतोय. बर्फ वितळलं की तुला सीमेपलीकडे माझ्या बहिणीकडे सोडते."

रान्वाइगच्या सुया थांबल्या.

"माझा लॅपटॉप?" ती म्हणाली. "तो तर मी पळाले त्याच संध्याकाळी खाडीत टाकला, इर्मेली."