मागचा माणूस

सिस्टरने साहेबांच्या बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा घट्ट बांधली. बूट सैल असला की उतारावर बोटं पुढे सरकतात आणि नखं काळीनिळी होतात, असं तिने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात समजावलं. साहेब खुशीत येऊन म्हणाले की एवढी काळजी त्यांच्या सुनेनेही कधी घेतली नव्हती.

साठीच्या पुढच्या माणसांना डोंगरावर फिरवून आणणारा हा गट सिस्टरने निवृत्तीनंतर सुरू केला होता. इस्पितळातली शिस्त तिने जशीच्या तशी इथे आणली. डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय कुणाला घ्यायचं नाही. ज्याची चाल सगळ्यांत मंद, त्याने पुढे चालायचं, म्हणजे बाकीचे आपोआप त्याच्या बेताने चालतात. दम लागायच्या आधीच बसायचं. आणि सगळ्यांच्या मागे टेलरमामा, गळ्यात शिट्टी अडकवून. आजवर एकदा कुणाचा तरी पाय मुरगळला, तेवढंच. बाकी मंडळी मिनीबसमध्ये जुनी गाणी म्हणत, एकमेकांच्या सुरांची टर उडवत घरी जायची.

मामा कमी बोलत. साहेबांना गटात त्यांनीच आणलं होतं. वयाबरोबर साहेब वाळत चालले होते आणि त्यांच्या पँटी कमरेत आत घेण्याचं काम मामांकडे असायचं. एकटे बसून असतात, चार पावलं चालतील, एवढंच मामांनी सांगितलं होतं.

सिस्टरने साहेबांना पहिल्याच दिवशी ओळखलं. डोक्यावरचे केस गेले होते, पण आवाज तोच होता. कोर्टात ह्याच आवाजात त्यांनी सांगितलं होतं की जिन्याचं दार माल चोरीला जाऊ नये म्हणून बंद ठेवत, आणि किल्ली वॉचमनकडे असे. वॉचमन तुरुंगात गेला. आग लागलेल्या त्या कपड्यांच्या कारखान्याचे मॅनेजर, म्हणजे हेच साहेब, निर्दोष सुटले. सिस्टरची धाकटी बहीण त्या बंद दारापाशी सापडली होती. तिची ओळख पटवायला सिस्टरच गेली होती. भाजलेल्यांच्या वॉर्डात अर्धी नोकरी काढूनही तिला ते जमलं नव्हतं.

त्या पहिल्या दिवशी तिने साहेबांचं ब्लडप्रेशर मोजलं, हसली आणि म्हणाली की ते नक्की चढतील.

मग तिने घाई केली नाही. सोप्या टेकड्यांवर तिने त्यांचा दम वाढवला. उतारावर त्यांचा डावा गुडघा दगा देतो, हे तिने हेरून ठेवलं. अवघड जागा आली की ती हात पुढे करायची. हळूहळू साहेब न बघताच तिच्या हातात हात द्यायला लागले. तेव्हा तिने कड्याच्या डोंगराचं नाव काढलं. दोघातिघांनी का कू केलं, पण मामा म्हणाले की वाट रुंद आहे, काही होत नाही.

माथ्यावर सगळे सावलीला बसून संत्री सोलत होते. कड्यावरून धरण फार सुंदर दिसतं, असं सांगून सिस्टरने साहेबांना उठवलं आणि वळणापलीकडे नेलं. तिथे कठडा नव्हता. खाली पाणी चकाकत होतं.

"तुमच्या कारखान्यात आग लागली होती ना?" तिने विचारलं.

साहेबांनी पाण्यावरची नजर काढली नाही. "जुनी गोष्ट झाली. लोक उगाच दाराचं घेऊन बसले. मुलींनी घाबरून रेटारेटी केली. जागेवर बसून राहिल्या असत्या तर वाचल्या असत्या."

"आणि दार उघडं असतं तर?"

"दार उघडं ठेवलं तर कामाला कोण बसणार?" असं म्हणत ते वळले, आणि गुडघ्याने दगा दिला.

पायाखालची खडी सुटली. सिस्टरला काहीच करायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं. ह्या क्षणाची तिने मनात कितीदा तरी उजळणी केली होती. पण तिचा एक हात साहेबांच्या पट्ट्यात गेला, दुसरा काखेखाली, आणि खाटेवरून घसरणाऱ्या पेशंटला उचलावं तसं तिने त्यांना उचलून आत खेचलं. भानावर आली तेव्हा ते खडकाला टेकून धापा टाकत होते आणि ती त्यांची नाडी बघत होती.

तिला स्वतःच्याच हातांची चीड आली.

साहेब तिचे आभार मानत राहिले. तिने एक शब्दही ऐकला नाही. आपल्या हातून हे होणार नाही, आज नाही आणि कधीच नाही, हे तिला लख्ख कळलं होतं. त्या माणसाशेजारी आणखी एक पाऊल चालणंही तिला जमणार नव्हतं.

वळणाशी मामा उभे होते.

"यांना तुम्ही आणा, मामा," ती म्हणाली. "मला शक्य नाही."

मामांनी तिच्याकडे क्षणभर बघितलं. "तुम्ही व्हा पुढे."

बाकीच्यांना घेऊन ती उतरली. कुणीतरी नातवाचे पराक्रम सांगत होतं, कुणी संध्याकाळच्या चहाबद्दल बोलत होतं. वाटेत एकदा तिला बहीण आठवली. दारापाशी पडलेली नाही, तर तोंडात टाचण्या धरून हसणारी. एवढ्या वर्षांत असं प्रथमच झालं. पायथ्याशी पोचेपर्यंत तिला हलकं वाटायला लागलं होतं.

मंडळी बसमध्ये बसली. सिस्टर वाटेकडे डोळे लावून खाली उभी राहिली.

थोड्या वेळाने मामा उतरताना दिसले. चाल नेहमीसारखीच संथ. मागे कुणी नव्हतं. सिस्टर धावत त्यांच्याकडे गेली आणि साहेब कुठे आहेत, असं तिने विचारलं.

मामांनी खिशातून रुमाल काढला आणि सावकाश हात पुसले.

"तुमच्याच्याने होणार नाही, अशी मला आधीपासून शंका होती," ते म्हणाले. "तुमच्या बहिणीच्या शेजारच्या मशीनवर माझी बायको बसायची."