आजोबा, जावई आणि आर्सेनिक

"सापडला जावई," उचापत्यानं खुर्ची गर्रकन फिरवली. "मॅडम, या इकडे. काही नाही तिथे आर्सेनिक दाखवतोय."

जावई म्हणजे नवं सॉफ्टवेअर. जुन्याचं नाव आजोबा. बारशी अर्थात उचापत्यानंच केलेली. आलेखात चिकटून उभी असलेली दोन शिखरं आजोबांना एकच दिसायची, आणि जावयाला जिथे तिथे काहीतरी खुपायचं. अणुभट्टीत न्यूट्रॉनचा मार खाऊन आलेल्या नमुन्यांत कुठलं मूलद्रव्य दडलंय ते सांगणारे आलेख सकाळपासून दोघांनाही वाचायला दिले होते. ज्याचं वाचन खरं, तो लॅबमध्ये राहणार.

मॅडम चष्मा पुसत आल्या. "कुठला नमुना?"

"स्वच्छ केसांचा. आजोबा म्हणतात काही नाही. आणि हे जावईबापू बघा."

"स्वच्छ केस मी मागवलेत. ते अजून आलेच नाहीत."

उचापत्या गालात हसला. "म्हणून मीच घातले, गुपचूप. पोरीचे. रविवारी कापले तिचे. म्हटलं, जावयाला पकडायला याहून स्वच्छ वस्तू कुठली मिळणार?"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी माउस ओढून घेतला, आलेख मोठा केला. ब्रोमीनचा उंच डोंगर. त्याच्या उजव्या कुशीला बारीकसा फुगवटा.

"आजोबांनी हा डोंगरातच धरला. जावयानं वेगळा काढला."

"तो कशातूनही काहीही काढतो हो."

"सकाळपासून उत्तरं माहीत असलेलेच नमुने दिले आपण. एकदा तरी चुकला?"

जावयाच्या प्रत्येक बरोबर उत्तराला टाळी उचापत्यानंच वाजवली होती.

"उद्या परत मोजू," मॅडमचा आवाज एकदम मऊ झाला. "आर्सेनिकचा किरणोत्सार ब्रोमीनच्या आधी विझतो. उद्या फुगवटा डोंगरापेक्षा जास्त खचलेला दिसला, तर..."

"तर आर्सेनिकच. माहितीये मला."

"घरी पाणी कुठलं पिता?"

"बोअरचं." नळाच्या पाण्याला नावं ठेवून अंगणात बोअर त्यानंच मारून घेतली होती.

त्यानं फोन लावला. दोनदा चुकीचा लागला. तिसऱ्यांदा बायकोनं उचलला.

"ऐक. पोरीला बोअरचं पाणी देऊ नकोस. तूही पिऊ नकोस. नळाचं भर."

"आज काय, विष का?"

"हो."

ती खळखळून हसली. "अहो, मागच्या महिन्यात दुधात पाल होती. पातेलंभर दूध ओतलं मी, आणि तुम्ही दाराआड हसत उभे."

"ही थट्टा नाहीये."

"तेव्हाही हेच म्हणाला होतात. आवाजसुद्धा अस्साच काढला होतात." मग फोन बाजूला धरून ती म्हणाली, "पी गं तू. बाबा गंमत करतायत."

उचापत्यानं फोन मॅडमपुढे धरला. त्यांनी तो घेईपर्यंत पलीकडे रिकामा पेला ओट्यावर टेकल्याचा आवाज आला.

"आई, अजून दे."